खोऱ्याची वाटणी

९ फेब्रुवारी

छोटू,

तुला पत्र लिहू नये असा नियम आहे, हे मला माहीत आहे. मतदारसंघांची फेररचना करणाऱ्या आयोगातल्या माणसाने कुठल्याही आमदाराशी बोलायचं नाही, भेटायचं नाही, फोन घ्यायचा नाही, मग ती आमदार त्याची सख्खी बहीण का असेना. पण हा नियम तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही, असं मी आपलं माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. तू उत्तर देऊ नकोस म्हणजे झालं. वाचलंस तर कोण बघायला येतंय?

तुझ्या बायकोला मी अधूनमधून फोन करते. तुझं नाव निघालं की ती भाजी करपतेय म्हणते आणि फोन ठेवते. इतकी भाजी कुणाच्याच घरी करपत नाही. तुम्ही दोघंही नियमाचे पक्के, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

इकडची खबर अशी की जनगणनेचे आकडे आमच्या हातात पडले. तुझ्या हातात कधीचेच पडले असणार. खोरं खूपच खाली आलंय रे. कागद कारखाना बंद पडल्यापासून माणसं जातायत हे दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि छापलेलं वाचणं वेगळं. कारखान्याच्या वसाहतीत एका रांगेत सहा-सहा घरांना कुलपं आहेत. मोजणीला आलेल्या शाळेतल्या बाईंना मी म्हटलं, अहो, माणसं आहेत, कामासाठी बाहेर आहेत, घर इथलं आहे, मत इथलं आहे. त्या म्हणाल्या, ताई, मी इथे झोपलेलं माणूस मोजते, गेलेलं नाही.

प्रत्येक मतदारसंघात साधारण सारखी माणसं हवीत, हे बरोबरच आहे म्हणा. एकाच्या मताला दुसऱ्याच्या मताइतकंच वजन हवं, असं भाषण मीच सभागृहात ठोकलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या. तेव्हा खोरं भरलेलं होतं.

परवा खिंडीवरून येत होते. पलीकडे नवीन घरं केवढी उभी राहिली आहेत. त्यांचा बाजार आपल्याकडे, दवाखाना आपल्याकडे, भांडणंसुद्धा आपल्याच चौकीत. त्यातले मोजणीचे दोन गट इकडे जोडले तर खोरं शाबूत राहील, असं ड्रायव्हर म्हणत होता. मी नाही म्हणत. तो आपला गाडी चालवता चालवता काहीबाही बोलत असतो.

तब्येतीला जप. डोळ्यांना चष्मा नवा घे, त्या जुन्याने तू नकाशाच्या आत शिरल्यासारखा बसतोस.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

छोटू,

पत्र मिळालं की नाही, हे कळायला काही मार्ग नाही. मिळालं असं धरून चालते.

सभागृहाच्या उपाहारगृहात हल्ली कुणी जेवत नाही, सगळे हिशेबच करत बसलेले असतात. कुणाची तीन गावं जाणार, कुणाचं अर्धं शहर जाणार. जो तो दुसऱ्याला म्हणतो, तुमचं काय, तुमचं सुरक्षित आहे. मला मात्र कुणी तसं म्हणत नाही. माझ्याकडे बघून चहा ढवळतात.

काल घरी कोण आलं असेल सांग. डॉक्टर. हो, तेच आपले. चार निवडणुका माझ्याविरुद्ध लढले आणि चारही वेळा हरले, आणि दर वेळी निकालाच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडून बसले. कधी माझ्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. काल येऊन म्हणाले, ताई, खोरं फुटलं तर तुम्ही जिंकलात काय आणि मी जिंकलो काय. मसुदा जाहीर झाला की आपण दोघं मिळून हरकत घेऊ, मी बोलेन, तुम्ही बोला. तोवर गप्प बसा.

गप्प बसणं मला कधी जमलंय? मसुदा जाहीर झाल्यावर ओरडणं म्हणजे खटला हरल्यावर वकील शोधणं. जे व्हायचं ते आत्ता होतंय, तुझ्या टेबलावर.

म्हणून आता आडून बोलत नाही. खिंडीपलीकडचे दोन गट, मोजणीच्या कागदावर जे शेजारी-शेजारी आहेत ते, आपल्याकडे घे. तेवढ्याने आकडा सरासरीच्या जवळ येतो. मी काढून पाहिलंय. कुणाचं नुकसान होत नाही, ज्यांच्याकडून जातात त्यांना माणसं जड झाली आहेत. मी माझ्या खुर्चीसाठी सांगत नाही. थोडं खुर्चीसाठीही असेल, खोटं कशाला बोलू? पण खोऱ्याला बोलणारं कुणीतरी हवं.

आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आई गेल्यावर तुला हाताला धरून पुलापलीकडच्या शाळेत कोण नेत होतं, हे मी काढणार नव्हते. काढलं.

हे पत्र टपालाने पाठवत नाही, ड्रायव्हरच्या हातून तुझ्या घरी देते. तो तुझ्याच हातात देईल.

तुझी,
ताई


७ मार्च

आज न्यायमूर्तींनी मला आयोगात बोलावलं. ते आयोगाचे अध्यक्ष, निवृत्त झाले तरी खोली कोर्टासारखीच ठेवली आहे. त्यांच्यासमोर माझं पत्र होतं. त्यांनी ते माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, हे अक्षर तुमचं का?

माझ्या अक्षरात तू शाळेचे धडे गिरवलेस. ते अक्षर मला एका परक्या माणसाच्या टेबलावर ओळखायला लावलंस.

त्यांनी सांगितलं, तुमच्या भावाने हे स्वतः आणून दिलं आणि खोऱ्याच्या कामातून बाजूला झाले. चौकशी होईल, म्हणाले. मग विचारलं, याआधी काही लिहिलं होतं का? मी नाही म्हटलं. डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हटलं. निदान एका पत्रावर निभावू दे तुझं. तू मला उघडं पाडलंस तरी मी तुला सांभाळलंच, एवढं लक्षात ठेव.

बाहेर बातमीदार उभे होते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. उपाहारगृहात आज मात्र सगळे माझ्याकडे बघून जेवत होते.

तुला पत्र फाडता आलं असतं. चुलीत घालता आलं असतं. 'मिळालंच नाही' म्हणता आलं असतं. हजार वाटा होत्या आणि तू नेमकी तीच धरलीस ज्या वाटेवर बहीण आडवी पडली होती.

यापुढे तुला बहीण नाही असं समज. मीही भाऊ नाही असंच समजणार आहे. हे रागात लिहिलेलं नाही, तीनदा कागद बदलून लिहिलं आहे.


२० एप्रिल

छोटू,

लिहिणार नव्हते. पण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

मसुदा जाहीर झाला. कचेरीच्या भिंतीवर नकाशा लावलाय, वर पारदर्शक प्लास्टिक, कारण लोक बोट लावून लावून कागद झिजवतात. सकाळपासून गर्दी. नकाशावर प्रत्येक जण आधी स्वतःचं घर शोधतो आणि मग शेजाऱ्याचं. एक म्हातारे गृहस्थ पुढ्यात उभे राहिले ते हलेचनात. मागचा म्हणाला, काका, सरका की. ते म्हणाले, अरे, थांब, मी कुठाय ते बघू दे.

रेषा नदीवरून काढली आहे. खोरं मधोमध चिरलंय. डावा काठ बंदराच्या शहराला जोडला, उजवा काठ पठाराला. खाली टीप आहे, नैसर्गिक सीमेचा आधार घेतला म्हणून. आपलं घर आणि वसाहत डाव्या काठावर. शाळा, बाजार आणि डॉक्टरांचा दवाखाना उजव्या. मधे एकच पूल. मी रोज भाजी आणायला दुसऱ्या मतदारसंघात जाणार.

शहरात आमची माणसं म्हणजे पिंपात टाकलेला पेलाभर रंग. पठारावर तेच. दोन्हीकडे आम्ही इतके थोडे की निवडणुकीत कुणी आमच्या दारात आलं नाही तरी त्याचं काही अडणार नाही.

हे काम तुझ्या जागी आलेल्या बाईंनी केलंय म्हणे. राजधानीहून आल्या आहेत, तरुण आहेत, खोऱ्यात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांना नदी निळी रेघ दिसली, त्यांनी ती लाल केली. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

तू असतास तर असं झालं नसतं, असं इथे सगळे बोलतात. पुढे काही बोलत नाहीत, कारण मी उभी असते.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. चौकशी चालू असल्यामुळे मला बोलता येणार नाही. डॉक्टर बोलतील. मी मागे बसणार.

ताई


१४ मे

छोटू,

आज सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

दोन बस भरून माणसं गेली होती. सभागृह मोठं, पंखे वर घरघरत होते, त्यामुळे ध्वनिक्षेपकावरचं अर्धं कळायचं आणि अर्धं समजून घ्यायचं. मंचावर न्यायमूर्ती, बाजूला त्या अधिकारी बाई, मागे आपला नकाशा. मी शेवटून दुसऱ्या रांगेत. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

आपला पुकारा झाला तेव्हा डॉक्टर उठले. चार निवडणुकांत त्यांची इतकी भाषणं मी ऐकली, सगळी माझ्याविरुद्धची, आणि सगळी लांबलचक. आज मोजकं बोलले. म्हणाले, "साहेब, आपण नदीला सीमा म्हणालात. ही नदी म्हणजे आमच्या घरातला बोळ आहे. बोळाच्या या बाजूला स्वयंपाकघर, त्या बाजूला निजायची खोली. म्हणून कुणी त्याला दोन घरं म्हणतं का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्यायमूर्तींनी हात वर करून थांबवल्या. मग डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, खोरं अखंड ठेवून आकडा जुळवता येतच नव्हता का?

बाईंनी न्यायमूर्तींकडे पाहिलं. ते म्हणाले, सांगा, लपवण्यासारखं काही नाही.

बाई म्हणाल्या, येत होता. माझ्याआधीच्या अधिकाऱ्यांचा मसुदा जानेवारीत तयार होता. त्यात खोरं अखंड होतं. खिंडीपलीकडचे सहा गट जोडलेले होते, खालच्या वळणावरची वस्तीही घेतलेली होती. तंत्र म्हणून त्यात मला खोट काढता आली नाही.

सहा गट, छोटू. मी दोन मागितले होते. आणि जानेवारीत, माझं पहिलं पत्र लिहायच्याही आधी.

डॉक्टरांनी विचारलं, मग तो मसुदा गेला कुठे? या वेळी न्यायमूर्ती स्वतः बोलले. मला वाटतं त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून यायला नको होतं. म्हणाले, "ज्याने ती रेषा आखली, त्याला त्याच भागाच्या प्रतिनिधीने दोन पत्रं लिहिली. एक त्याने फाडलं, आणि आम्ही विचारल्यावर तसं कबूल केलं. प्रतिनिधींनी मात्र असं पत्रच नव्हतं असं आम्हाला सांगितलं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. अशा वेळी खोऱ्याच्या सोयीची एक जरी रेषा आम्ही राखली असती, तर ती कुणाच्या शब्दावर राखली, असं उद्या कुणीही विचारलं असतं."

मान वळवून कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळं सभागृह समोर बघत होतं. वळून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी तुला वाचवायला म्हणून 'नाही' म्हणाले होते. तू 'हो' म्हणाला होतास, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारणार तरी कुणाला होते? तू एकदा माझ्यासाठी नियम मोडलास आणि ते कबूल केलंस. मी तुझ्यासाठी खोटं बोलले आणि त्याने तू खोटा ठरलास.

परतीच्या बसमध्ये डॉक्टर माझ्या शेजारी येऊन बसले. सबंध वाटेत एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. घाट उतरताना फक्त म्हणाले, खिडकी लावू का, वारा लागतोय तुम्हाला.

ताई


३ जून

छोटू,

तुझ्या घरी जाऊन आले. तू नसणार हे माहीत असूनच गेले, म्हणजे असलास तर काय बोलायचं हा प्रश्न उरला नाही.

तुझ्या बायकोने दार उघडलं. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी करपेल. पण तिने आत घेतलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. तुझं टेबल खिडकीपाशी तसंच आहे. त्यावर आता तिच्या शिकवणीच्या मुलांच्या वह्या असतात.

तिने सगळं सांगितलं. तुला नकाशाच्या कामावरून काढून किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावी पाठवलंय, समुद्र किती आत आला आणि किती मागे गेला त्याच्या नोंदी घ्यायला. खोली भाड्याची आहे, जेवण खानावळीतलं. महिन्यातून एकदा येतोस.

पहिलं पत्र आलं तेव्हा तू ते उभ्याउभ्या वाचलंस, म्हणाली. ड्रायव्हर काहीबाही बोलतो ते वाचून मोठ्याने हसलास. मग बारीक तुकडे करून फाडलंस आणि म्हणालास, ताईचं पत्र कुणाच्या हाती लागायला नको.

दुसरं पत्र आलं तेव्हा आयोगातले तुझे दोन सहकारी घरी चहाला बसले होते. माझी गाडी दारात, आमदाराची पाटी लावलेली. ड्रायव्हरने त्यांच्यादेखत पाकीट तुझ्या हातात दिलं आणि निरोपही दिला, ताईंनी तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. त्यानंतर तुला कुठल्या हजार वाटा होत्या? मी मार्चमध्ये लिहिलेलं ते वाक्य मला तिच्यासमोर बसून आठवत होतं, आणि तिने ते वाचलेलं आहे हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

ती मला रागावली नाही. निघताना दाराशी आली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? हा माणूस खोऱ्याचं वाईट होऊ देणार नाही, एवढं तुम्हाला वाटलं नाही का हो?"

मी चपला घालत होते. घालतच राहिले.

चार निवडणुका मी दारोदार हिंडून लोकांना सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांनी ठेवला. मला एकाच माणसावर ठेवायचा होता आणि तोही घरातला. तू तिथे बसला आहेस एवढं पुरेसं होतं. मला ते पुरलं नाही, कारण तू काय करतो आहेस ते मला दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर मी कधी काही सोडलेलं नाही. राजकारणात हा गुण समजतात.

तू मला क्षमा करावीस असं मी लिहिणार होते. पण तेही एक मागणंच झालं. मागणं पुरे झालं आता.

ताई


२२ ऑगस्ट

छोटू,

न्यायमूर्तींकडे जाऊन आले. या वेळी त्यांनी बोलावलं नव्हतं.

पहिलं पत्र मी लिहिलं होतं, नाही म्हणाले ते खोटं होतं, आणि माझ्या भावाने त्याआधीच जे केलं ते कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नव्हतं, असं लिहून दिलं आणि सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, हे तुम्ही मार्चमध्ये सांगितलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी पुरं करू शकले असते.

तुझ्यावरचा ठपका निघतो आहे, पत्र फाडल्याबद्दल नुसती समज राहील. जुन्या जागी परत घेणं त्यांच्या हातात नाही, पण शिफारस करतो म्हणाले. मी राजीनामा दिला. पक्षाने 'देऊ नका' असं म्हणायचं म्हणून म्हटलं आणि लगेच घेतला.

रेषेचं विचारलं. ते म्हणाले, अंतिम अधिसूचना गेल्या आठवड्यात निघाली. आता पुढच्या जनगणनेपर्यंत कुणी हात लावू शकत नाही, मीही नाही. पुढच्या जनगणनेला मी किती वर्षांची असेन, याचा हिशेब जिन्यावर सुरू केला आणि सोडून दिला.

जिना उतरताना त्या अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी थांबून नमस्कार केला. म्हणाल्या, तुमच्या भावाचा मसुदा मी ठेवून दिलाय, नव्या मुलांना शिकवताना दाखवते. मला त्याचं काय करावं कळेना. थँक्यू म्हटलं.

ताई


१७ जानेवारी

छोटू,

निवडणूक झाली, हे तुला वर्तमानपत्रातून कळलंच असेल. मी उभी राहिले नाही, दोन्हीकडे नाही. डॉक्टर पठाराच्या बाजूने उभे राहतील असं वाटलं होतं, तेही राहिले नाहीत. म्हणाले, तिथे मला ओळखतो कोण, तिथे मी कुणाची नाडीसुद्धा धरलेली नाही.

मतदानाच्या दिवशी मी वसाहतीतल्या केंद्रावर गेले. यादीतली नावं पाहिली, चिन्हं पाहिली. एकाही माणसाचा चेहरा डोळ्यासमोर येईना. मत देऊन पुलावर आले तर डॉक्टर त्यांच्या काठावरचं मत देऊन येत होते. कठड्याला टेकून उभे राहिलो. ते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं दर वेळी आनंदाने तुमच्याविरुद्ध मत दिलं. आज कुणाविरुद्ध द्यायचं तेच कळेना." मी हसले. मग हसता हसता काय झालं कोण जाणे, पदर तोंडाला लावून उभी राहिले, आणि त्यांनी शहाण्यासारखं नदीकडे तोंड फिरवलं.

तुझ्या बायकोचा परवा फोन आला होता. तुझं नाव काढलं तरी ठेवला नाही. तू माझी सगळी पत्रं वाचतोस आणि घडी घालून पेटीत ठेवतोस, म्हणाली. आता फाडत नाहीस, हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणाली, बाकी काही बोलत नाहीत, पण खोऱ्याचं विचारतात, पुलाचं काय झालं म्हणून.

तर पुलाचं सांगते. एका खांबाला तडा गेलाय. जड वाहनं बंद केली आहेत, त्यामुळे बस अलीकडच्या टोकाला थांबते, आणि शाळेची मुलं, दवाखान्यातले रोगी, बाजाराच्या बायका सगळे पूल चालत ओलांडतात. दुरुस्तीचा अर्ज शहराच्या आमदारांकडे गेला. त्यांच्या कचेरीने लिहिलं, तडा गेलेला खांब पलीकडच्या हद्दीत येतो. पठाराच्या आमदारांनी लिहिलं, पुलाची सुरुवात अलीकडून होते. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही पूल पाहिलेला नाही.

मी आणि डॉक्टरांनी वाटणी केली आहे. दर गुरुवारी ते पठारावरच्या कचेरीत जाऊन बसतात आणि मी बंदराच्या शहरात. दोघांकडे एकच अर्ज, शब्द न् शब्द तोच, म्हणजे पुन्हा 'तिकडे विचारा' म्हणायला जागा नको. अर्ज डॉक्टरांनी लिहिला आहे. मी म्हटलं, माझं अक्षर आता नको.

हे पत्र शहराच्या आमदारांच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहिते आहे. लांबट बाक आहे, एक पाय आखूड, कुणी उठलं की बाकीचे हलतात. भिंतीला टेकायला गेलं की चुना लागतो. माझ्या कचेरीतही असाच बाक होता, पण त्यावर मी कधी बसले नव्हते, त्यामुळे बसून कमरेला काय होतं हे माहीत नव्हतं. शेजारी एक बाई आहेत, नळाच्या तक्रारीसाठी आल्या आहेत. मला म्हणाल्या, पहिल्यांदा आलात का, घाबरू नका, आत गेल्यावर कामाचं आधी बोलायचं, दुःखाचं मागून, नाहीतर ते ऐकत नाहीत. लक्षात ठेवते म्हटलं. तुम्ही पूर्वी काय करायचात, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, लोकांची कामं.

मागच्या दोन गुरुवारी माझा नंबर लागायच्या आत साहेब निघून गेले. आज ते आत आहेत, आवाज येतोय.

कारकून बाहेर आलाय. नाव पुकारतोय, आडनाव चुकवलंय त्याने, पण पुलाचं काम म्हणतोय म्हणजे मीच.

उठते.

ताई